तांबडीचे चार टायर

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नव्या वहीच्या पहिल्या पानावर निश्चय लिहायचा असतो. मला निश्चयांचा सराव आहे. पाठशाळेत सात वर्षं काढली, त्यामुळे आजही पूजेआधी संकल्प पुरता म्हणतो. आधी कल्प, मग मन्वंतर, मग युग, मग संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी. एवढा थोरला काळ पायरी पायरीनं उतरत कुंभकोणम्‌ला आमच्या मागीलदारच्या विहिरीपाशी येतो, आणि तिथे शामसुंदर नावाचा पंचावन्न वर्षांचा वार्ताहर पळीभर पाणी सोडतो. थोरल्याकडून धाकट्याकडे. काळ मोजायची हीच सभ्य रीत.

तर निश्चय असा. १६ फेब्रुवारीला अण्णाला सत्तर पुरी होतात. त्या दिवशी अण्णा आणि मन्नी तांबडीत बसून गोविंदपुरम्‌च्या विठोबाच्या दर्शनाला जातील. भाड्याच्या व्हॅनमधून नव्हे.

मन्नी म्हणजे वहिनी, आणि अस्कं म्हणजे सगळं. माझी पुतणी चैत्रा, तिचा पुण्याचा नवरा दर खेपेला विचारतो, म्हणून लिहून ठेवतो. आमची मराठी ऐकताना त्याचा चेहरा संग्रहालयात आल्यासारखा होतो.

तांबडी म्हणजे गाय नव्हे. सिंगापूरच्या बंदरात इंजिनियर असलेला माझा थोरला भाऊ विष्णुवर्धन, म्हणजे अण्णा, १९९१ साली परत आला तेव्हा त्यानं बायको, मुलगी आणि ही दोन दारांची जर्मन गाडी आणली. दोनशे वीस घोड्यांची ताकद. तंजावरच्या पागेत शेवटी शेवटी इतके घोडे असतील की नाही, मला शंका आहे. गेली आठ वर्षं ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. डिसेंबरात पद्मनाभ मेस्त्रीनं महिनाभर खपून इंजिन चालू केलं. ते सुरू झालं तेव्हा शेजारच्या नारळावरचे सगळे कावळे उडाले. अण्णा शेडच्या दारात उभा राहून नुसता ऐकत होता.

आता फक्त टायर राहिले. जुने चारी भेगाळून वाळल्या अप्पळासारखे, म्हणजे पापडासारखे, झाले आहेत. चार टायर आणायचे, एवढंच. दीड महिना आहे.

५ जानेवारी

एवढंच नाही.

तंजावर रस्त्यावर मणीचं टायरचं दुकान आहे. मणी हा शांत, जाडजूड माणूस. बोलतो तमिळमध्ये, आणि प्रत्येक वाक्याला एक ‘अय्या’, म्हणजे ‘साहेब’, लावून देतो. त्यानं सांगितलं की तांबडीचे पुढचे टायर एका मापाचे आणि मागचे त्याहून रुंद. पुढचं माप हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना लागतं, ते त्याच्याकडेच आहे. मागचं माप गावात कुणाकडे नाही, तंजावरात नाही, त्रिचीतही बहुधा नाही.

टायर किती वेग सोसतो ते सांगणारं एक अक्षर त्यावर असतं, तेही समजलं. मी म्हटलं, “गोविंदपुरम् अकरा किलोमीटर. वाटेत दोन शाळा, तीन गतिरोधक आणि हवी तेवढी गुरं. आम्हांला कसलं अक्षर पाहिजे?”

“अय्या, गाडी किती पळू शकते ते बघून टायर घ्यायचा. रस्ता किती पळू देतो ते बघून नाही. पाय रस्त्याचं ऐकत नाही.”

हे वाक्य शास्त्रग्रंथात सहज खपलं असतं. मग त्यानं दुसरा नियम सांगितला. रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं. पाच वर्षांपलीकडचा टायर, नवा कोरा दिसला तरी, या गाडीला घालायचा नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, त्यांत त्याचं वय.

“वाचून दाखवूं का?” तो म्हणाला.

“आकडे मला वाचता येतात,” मी म्हटलं.

८ जानेवारी

अण्णा म्हणजे जन्मजात पूर्वपक्ष. मी सिद्धांत मांडायचा आणि त्यानं शंका काढायची, हे लहानपणापासून चालू आहे.

“पुढचे मिळाले,” मी म्हटलं. “मागे पण तेच घालूं. चारी एका मापाचे.”

“मागून नाचेल.”

“कोण?”

“गाडी. तूं नहीं. अस्की शक्ती मागच्या चाकांत आहे. मागचे रुंदच पाहिजेत.”

“मग मोठ्या कंपनीचे चार मागवूं. चेन्नईत आहेत.”

“किंमत विचारलीस?”

विचारली होती. सांगितली. अण्णानं डोळे मिटले. “त्यांत चैत्राचं लग्न परत एकदां होईल.”

“जांवई तोच ठेवायचा तर स्वस्तांत होईल,” मन्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग अण्णानं मला पेपर वाचायला बसवलं. हल्ली रोज वाचायला लावतो, त्यातही मी पाठवलेल्या बातम्या मोठ्यानं. महामखम् तळ्याच्या सफाईची माझी सात ओळींची बातमी त्यानं दोनदा ऐकली. पन्नाशी उलटल्यावर का होईना, थोरल्या भावाला धाकट्याची किंमत कळली.

१५ जानेवारी

माट्टुपोंगल. गावातल्या गुरांची शिंगं रंगवून झाली. मन्नीनं शेडमध्ये जाऊन तांबडीच्या नाकालाही हळद-कुंकू लावलं.

टायरचं माप दाराच्या कडेच्या पट्टीवर नीट वाचावं म्हणून मी दार उघडलं, तर चालकाची सीट पार पुढे ओढलेली. अण्णा सहा फूट. त्याचे गुडघे तिथे मावणार नाहीत. पद्मनाभ मेस्त्रीनं ओढली असावी. मी ती परत मागे सरकवली.

१७ जानेवारी

सीट परत पुढे. मेस्त्री तर पोंगलसाठी गावी गेला आहे. या पत्र्याखाली उंदीर आहेत हे माहीत होतं, पण एवढे ताकदवान?

२१ जानेवारी

जुन्याच टायरांवर नवं रबर चढवून घ्यावं, रिमोल्ड, असं मनात आलं. लॉऱ्यांना सर्रास करतात. मणीला विचारलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मला चहा मागवला, आणि माणूस आजारी असल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाला, “अय्या, तुम्ही थोडे दिवस दुकानाचा विचार करूं नका.”

घरी अण्णानं कॉफी डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतताना निम्मी टेबलावर ओतली. सिंगापुरात मगातून प्यायची सवय लागली ती तीस वर्षं झाली तरी सुटत नाही. मन्नीनं फडक्यानं पुसलं आणि डवरा त्याच्या बोटांना लागेल असा जवळ सरकवला. मी म्हटलं, “अण्णा, टेबलाला कॉफी आवडत नाही.” तो हसला. मन्नी हसली नाही. तिला माझे विनोद जुने झाले आहेत.

मन्नी हल्ली पहाटे साडेपाचला बाहेर पडते. त्रिपुरसुंदरी तिला न्यायला येते. ही बाई भजनमंडळीत झांज वाजवते, म्हणजे सत्तरीच्या समारंभासाठी अभंगांची तयारी चालू असणार. तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या टपावर कसलीशी पाटी आहे. वार्ताहरानं निदान पाटी वाचावी, पण साडेपाचला चष्मा कोण लावतो?

आज मन्नीच्या पायांत कापडी बूट होते.

“भजनाला बूट?” मी म्हटलं.

“गुडघे,” ती म्हणाली.

२४ जानेवारी

सापडले!

चेन्नईचा एक दुकानदार. पुढचे दोन, मागचे दोन, दोन्ही मापं बरोबर, अक्षर बरोबर, परदेशी कंपनी. किंमत मोठ्या कंपनीच्या मानानं चौथाई. फोनवर म्हणाला, “जुना स्टॉक आहे सार. कधी रस्त्यावर गेला नाही. जुना म्हणूनच या भावात.” मी आकड्यांचा फोटो मागवला. चारांवर एकच: २१०९.

मी मनात हिशेब केला. साल २०२१, नववा आठवडा. म्हणजे चार वर्षांच्या आतबाहेर. मणीचा नियम पाच वर्षांचा. पाठशाळेचा उपयोग काय, असं विचारणारे आज जवळ असते तर बरं झालं असतं.

पैसे पाठवले. अण्णाला सांगितलं. मापं सांगितली, अक्षर सांगितलं, वय सांगितलं. त्याला शंका काढायला जागाच उरली नव्हती.

त्यानं पानाचा डबा उघडून परत मिटला. मग म्हणाला, “रंग?”

“टायरचा? काळा, अण्णा.”

“हां,” तो म्हणाला, आणि उठून आत गेला. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. आनंदानं माणसाचं भान सुटतं ते असं.

३१ जानेवारी

टायर आले. मणीनं बसवले. नक्षी अशी खोल की त्यात दिवाळीची पणती लपेल.

मणीनं बसवण्याआधी अंगठ्याचं नख रबरात दाबून पाहिलं. आणखी एकदा दाबलं. “कडक आहे अय्या.”

“वेगाच्या टायरचं रबर कडकच असणार.”

“तारीख?”

“मी पाहिली आहे. चार वर्षांच्या आतली.”

त्यानं हात फडक्याला पुसले. मग “तुम्ही पाहिली म्हणजे झालं,” म्हणून कामाला लागला. आकड्यांची बाजू आत गेली, गुळगुळीत बाजू बाहेर. गाडी चार पायांवर उभी राहिली तेव्हा मला, खरं सांगतो, रडू येईल असं वाटलं. म्हणून मी मणीच्या दुकानावर दहा ओळींची बातमी लिहिली. संपादकानं घेतली नाही.

२ फेब्रुवारी

टायर लागल्यापासून अण्णा शेडकडे फिरकलेला नाही. दोनदा म्हटलं, “चल, गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मार.” पहिल्यांदा ऊन होतं. दुसऱ्यांदा राहुकाळ होता. अण्णा आणि राहुकाळ! सिंगापूरचं विमान त्यानं भर राहुकाळात पकडलं होतं.

मनाला जरा लागलं. महिनाभर मी चाकामागे पळतो आहे, आणि याला एक फेरी जड. मन्नीजवळ बोललो. ती भाजी चिरत होती.

“तूं कुणासाठीं आणलेस टायर, शामा?”

“त्याच्यासाठी.”

“मग देऊन टाक की. दिल्यावर विचारूं नये.”

६ फेब्रुवारी

दहा दिवस राहिले. मणी म्हणतो, वडील माणसं बसायच्या आधी तो स्वतः तीस किलोमीटर चालवून बघणार. रविवारी सकाळी. मी बरोबर जाणार.

रबर कडक आहे, ही गोष्ट मधूनच आठवते. मग मी आकडा आठवतो आणि झोप लागते.

९ फेब्रुवारी, रविवार

धड घरी आलो आहे, म्हणून लिहितो.

साडेसहाला निघालो. मणी चालवत होता. तिरुनागेश्वरम्‌च्या अलीकडचा सरळ पट्टा मोकळा होता, दोन्ही बाजूंना केळी. मणीनं साठ केले, मग सत्तर. मागून थप थप असा आवाज आला, ओली धुणी दगडावर आपटावी तसा. मी म्हटलं, “हे काय?” आणि उत्तर यायच्या आत गाडीचं मागचं अंग उजवीकडे फेकलं गेलं. मणीनं ब्रेकला पाय लावला नाही. दोन्ही हातांनी चाक धरून ठेवलं, तोंडानं “मुरुगा, मुरुगा” चाललेलं. गाडी आपसूक मंद होत कालव्याच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

मागे रस्त्यात टायरचा अख्खा वरचा पट्टा सोलून पडला होता, काळा, लांब, वळवळता. तिरुनागेश्वरम् हे राहूच्या देवळाचं गाव, आणि हे त्याच्याच वेशीवर. शेतातला एक म्हातारा तो साप समजून काठी घेऊन धावला.

मणी गाडीखाली शिरला आणि बॅटरी लावून आतल्या बाजूचा आकडा बघत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, “अय्या, हा तुम्ही कसा वाचलात?”

“दोन, एक, शून्य, नऊ. एकवीस साल, नववा आठवडा.”

“आठवडा आधी असतो अय्या. साल मागून. हा नऊ सालचा, एकविसावा आठवडा.” तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. “माझी मुलगी त्या साली झाली. आता दहावीला आहे.”

मी रोज पहाटे थोरल्याकडून धाकट्याकडे काळ उतरवत आणतो. आकडा बघितला आणि तसाच उतरवला. कुणाला विचारलं नाही. कुणा ऐऱ्यागैऱ्यानं लग्नमुंजीची बातमी आणली तरी मी दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घेतो. इथे घरची दोन माणसं बसायची होती, आणि एका फोटोवर काम भागवलं.

“चूक माझी आहे, मणी.”

“माझी पण आहे,” तो म्हणाला. “नख रुतलं नाही तेव्हांच मला कळलं होतं. तुम्ही शिकलेले, तुम्ही पाहिली म्हणालात, म्हणून मी परत बघितलं नाही. माझ्या धंद्यात मी तुमचा मान ठेवला. ठेवायला नको होता.”

डिकीतलं जुनं चाक लावून आम्ही वीसच्या वेगानं घरी आलो. वाटेत सायकली आम्हांला मागे टाकत होत्या.

त्याच दिवशी, दुपार

जेवण झाल्यावर दोघांना सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं त्या गाडीत असता, हेही म्हटलं.

मला वाटलं अण्णा संतापेल. तो पानाचा डबा हातात फिरवत म्हणाला, “तूं आकडा उलटा वाचलास. मला तर आकडा दिसतच नहीं.”

मला आधी कळलं नाही.

“बाजूचं अस्कं गेलंय, शामा. दोन्ही डोळ्यांचं. समोर नळीतून बघितल्यासारखं एवढंसं दिसतं. ऑक्टोबरांत तंजावरच्या डॉक्टरनं सांगितलं. गाडी चालवायची नहीं. कधींच नहीं.”

“मग टायर... मागून नाचेल म्हणालास, किंमत म्हणालास...”

“टायर नहींत म्हणून गाडी उभी आहे, असं म्हणायला बरं वाटत होतं. कां म्हणजे, तोपर्यंत गाडीचा दोष. टायर आले कीं माझा.” तो हसला. “तूं एकेक शंका सोडवून येत होतास. पाठशाळेंत तुला घातलं तीच चूक झाली.”

कॉफी, पेपर, चौकट. सगळं माझ्या याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. वाचलं कुणी?

मग मी म्हटलं, “म्हणजे व्हॅनच सांगायची.”

“व्हॅन कशाला?” मन्नी म्हणाली. “मी नेतें.”

तिनं देवापाशी ठेवलेलं लायसन्स आणून माझ्या पुढ्यात टाकलं. चौसष्ट वर्षांची, कुंकू लावलेली, फोटोत जरा रागावलेली. तीन महिने पहाटे त्रिपुरसुंदरीच्या गाडीवर शिकत होती. टपावरची पाटी ‘महिलांसाठी ड्रायव्हिंग शिक्षण’ अशी आहे, हे गावात बहुतेक मलाच माहीत नव्हतं.

“सीट!” मी ओरडलो.

“तूं दर खेपेला मागे सरकवायचास,” मन्नी म्हणाली. “मी सरावाला बसलें कीं पाय पोंचायचे नहींत. किती शिव्या घातल्या तुला.”

अण्णाला हे माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. तो लायसन्स डोळ्यांसमोर अगदी मधोमध धरून वाचत होता. बराच वेळ वाचत होता. त्यावर एवढा मजकूर नसतो.

“दोनशे वीस घोडे आहेत, जया,” तो शेवटी म्हणाला.

“असूं देत. एका जिद्दी माणसाला पंचेचाळीस वर्षं हांकलंय.”

सात दिवस आहेत. जमणार आहे, आणि मी जमवणार आहे.

१० फेब्रुवारी

मणीच्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नियम नव्यानं ठरवले. मापात तडजोड नाही. वयात नाही. वेगाच्या अक्षरात मणी ज्याच्या खाली उतरत नाही तिथे मीही उतरणार नाही. तडजोड फक्त नावात. कंपनी कुठलीही चालेल, दिमाख नसला तरी चालेल.

चेन्नईच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “सार, जुना म्हणून सांगितलं होतं मी.” सांगितलं होतं खरं. किती जुना हे विचारणं माझं काम होतं, आणि माझा तर धंदाच विचारण्याचा.

उरलेले तीन टायर मणीनं करवतीनं कापून टाकले. आणखी कुणी शहाणा यायला नको, म्हणाला.

१२ फेब्रुवारी

सेलम नाही. त्रिची नाही. मदुरैला एक होता, दुसरा नाही. मी सतरा फोन केले. यापुढे मला मागच्या चाकाचं माप झोपेतून उठवून विचारावं.

मणी म्हणतो, पुढचे त्याच्याकडचे घातले आणि मागचे भलत्याच कंपनीचे मिळाले, तर तो बसवणार नाही. चारी एकाच घरचे पाहिजेत. सोयरिकी जुळवताना आमच्या घरी इतकं बघत नाहीत.

१३ फेब्रुवारी

कोइमतूर! शर्यतीच्या गाड्यांना माल देणारा एक दुकानदार, मणीच्या मेहुण्याच्या ओळखीचा. आपल्याच देशात बनवलेले, नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. मागचे दोन आहेत, पुढचे दोनही त्याच घरचे आहेत. प्रसिद्ध कंपनीच्या दोनांच्या किमतीत हे चार येतात. वेगाच्या अक्षराचा अर्थ ताशी दोनशे चाळीस. त्या वेगानं आम्ही विठोबापाशी तीन मिनिटांत पोचू, त्यांतलं एक मिनिट बहुधा हवेत.

फोटो मागवला. मग दुकानदाराला आकडा मोठ्यानं वाचायला लावला. मग मणीनं वाचला. मग त्रिपुरसुंदरीनं, कारण ती चाकांत हवा भरायला आली होती आणि मी तिला सोडलं नाही. ३८२४. अडतिसावा आठवडा, चोवीस साल. पाच महिन्यांचा. अडतीस साल अजून यायचं असल्यामुळे हा मलाही चुकीचा वाचता आला नसता.

१५ फेब्रुवारी

काल बसच्या टपावरून चार गोल गाठोडी आली. मणीनं नख दाबलं, रुतलं. मला म्हणाला, “तुम्ही पण दाबा अय्या.” दाबलं.

आज त्यानं चाळीस किलोमीटर चालवली, त्याच तिरुनागेश्वरम्‌च्या पट्ट्यावरून दोनदा. परत आल्यावर चारी टायरांवरून तळवा फिरवला आणि काहीच बोलला नाही. मणी बोलला नाही म्हणजे उत्तम. मग मन्नी, शेजारी त्रिपुरसुंदरी. गल्लीच्या टोकाला इंजिन दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा तांबडी अशी सुटली की इस्त्रीवाल्यानं गाडा आत घेतला. तासाभरानं दोघी परत आल्या तेव्हा त्रिपुरसुंदरीचा आंबाडा सुटला होता आणि मन्नीचा जागच्या जागी होता.

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होता. “दुसरा गियर घाईनं टाकते,” एवढंच म्हणाला. पण फेरी संपेपर्यंत उठला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटे उपाध्यायांनी संकल्प सांगितला. कल्प, मन्वंतर, युग. मी आज जरा लक्ष देऊन ऐकला. थोरल्याकडून धाकट्याकडे, तिथे ते बरोबरच आहे.

आठाला निघालो. मणी स्वतः आला होता. चारी टायरांपुढे त्यानं लिंबं ठेवली आणि कापराची आरती ओवाळली. मन्नी नव्या नऊवारीत, पायांत कापडी बूट आणि नाकावर चष्मा. बसण्याआधी ती वाकून एकेका टायरपाशी गेली आणि आकडा वाचला. या खेपेला मणीनं आकड्यांची बाजू बाहेर ठेवली आहे.

अण्णा चाचपडत गाडीकडे आला. सवयीनं उजव्या बाजूला गेला. मुठीवर हात पडला तसा थांबला. मी पुढे होणार होतो, मणीनं माझा दंड धरला. अण्णानं दार उघडलं, आणि उघडं धरून उभा राहिला.

“बस, जया,” तो म्हणाला. मग गाडीला हात लावत लावत, पुढून वळसा घालून, डाव्या बाजूला गेला.

मागची सीट माणसांसाठी नाही, हे मला आज समजलं. गुडघे कानांशी, मांडीवर फळांचं ताट, डोक्यावर काच. लिंबं फुटली. कावळे उडाले.

“किती?” अण्णा दर मिनिटाला विचारायचा.

“पस्तीस.”

“आतां?”

“अडतीस. गप्प बसा, म्हैस आहे.”

तिरुविडैमरुदूर मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. अण्णानं डोळे मिटून घेतले होते. म्हणाला, “जया, एकदां. नुसता एकदां दाब.”

मन्नीनं आरशात बघितलं, समोर बघितलं, आणि पाय दाबला. मी काचेला चिकटलो, केळी माझ्या मांडीवरून पायांत. मागची चाकं रस्त्याला धरून होती. नाचली नाहीत. अण्णाचा तळवा दारावर सपाट ठेवलेला होता, वैद्य नाडीवर ठेवतो तसा.

“किती?” तो म्हणाला.

“सांगणार नहीं,” मन्नी म्हणाली. तिचा आवाज वीस वर्षांच्या मुलीसारखा येत होता.

दर्शन झालं. अण्णानं विठोबाकडे अगदी समोरून, मधोमध उभं राहून बघितलं. तेवढं त्याला दिसतं. परत येताना मन्नी शांतपणे चालवत होती, दुसरा गियर घाई न करता टाकत.

घरी उतरल्यावर मणीनं विचारलं, “अय्या, टायर कसे वाटले?”

अण्णानं विचार केला. “पुढचे ठीक. मागचे जरा कडक वाटतात. एका फेरींत नीट कळत नहीं. पुढच्या रविवारीं परत बघूं. लांबचा रस्ता घेऊं.”

मन्नी हसत आत गेली. मणीही हसला. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पाच महिन्यांचा टायर, नख रुतलेलं मी स्वतः पाहिलं, आणि तो कडक कसा? पूर्वपक्ष परत उभा राहिला आहे. उद्या सकाळी दुकान उघडताच मणीला गाठून याचा निकाल लावतो.